१० किलोमीटरला तीच ३२ मिनिटं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१. दोन वर्षांपूर्वी मुलीबरोबर इनलाइन स्केटिंग सुरू केलं. जुळे सोलापूरमध्ये कॉलनीच्या सिमेंट रस्त्यावर आठवड्यातून पाच दिवस, रोज १० किलोमीटर, पूर्ण जोर लावून. आठ महिने झाले तरी वेळ ३२ मिनिटांखाली येत नाही. कंबर धरते, डाव्या घोट्याची आतली बाजू दुखते. मुलीचे स्केटिंगचे सर म्हणाले, ‘हळू करा.’ तुम्ही विचारताय, हळू करून वेग वाढेल कसा? आणि १२५ मिलिमीटर व्यासाची मोठी चाकं घ्यावीत का?

चाकं घेऊ नका. त्याबद्दल पुढे सांगते.

सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं न कळल्यामुळे तुम्ही वैतागलात, तेही साहजिक आहे.

गणपतीत मंडळाची स्लो सायकल स्पर्धा पाहिली असेलच. होटगी रोडवरून हात सोडून सायकल हाणणारा पोरगा तिथं दहा फुटांत पाय टेकतो, आणि रोज दोन्ही बाजूंना किटल्या लावून गल्लोगल्ली फिरणारे दूधवाले काका सगळ्यात शेवटी, सावकाश, रेषेपर्यंत येतात. वेग असला की सायकल तुम्हाला सावरून घेते. वेग काढून घेतला की उरतो तो तुमचा तोल, आणि तो किती आहे ते सगळ्या मंडपाला दिसतं. स्केट्सचंही तसंच. ताशी १९ किलोमीटरच्या वेगात एका पायावरचा तोल गेला तर पाव सेकंदात दुसरा पाय टेकून तुम्ही निभावून नेता. चूक झाली हे कळतही नाही. १० किलोमीटरमध्ये हे निभावून नेणं काही हजार वेळा होतं, आणि शरीर तेवढंच शिकतं.

उद्या रस्त्यावर जाण्याआधी स्केट्स उलटे धरून चाकांकडे बघा. चाकांची आतली बाजू सगळ्यांचीच जास्त झिजते, कारण पुश तिथूनच दिला जातो. बघायची ती बाहेरची बाजू. तुम्ही सांगितलेल्या दुखण्यावरून माझा अंदाज आहे की डाव्या स्केटची बाहेरची बाजू दुकानातून आणल्यासारखी कोरी असेल. तसं असेल तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

का, ते सांगते. चाकाला तीन जागा असतात: बाहेरची कड, मधला भाग, आतली कड. पाय जमिनीवर यायला हवा तो शरीराच्या बरोबर खाली, किंचित बाहेरच्या कडेवर. तिथून तो मधल्या भागावर तरंगतो, आणि वजन दुसरीकडे जाऊ लागलं की आतल्या कडेवर येऊन बाजूला ढकलतो. तुमचा डावा पाय टेकतो तोच आतल्या कडेवर, घोटा आत कोसळलेला. म्हणजे पुशची सुरुवातीची निम्मी लांबी गेली. जे राहिलं ते तुम्ही ताकदीने भरून काढताय. घोटा दुखणार नाही तर काय होईल! बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधली आहे का, फ्रेम, म्हणजे बुटाखालची चाकं धरणारी पट्टी, मध्यावर बसली आहे का, हेही बघून घ्या. घोटा आत पडत असेल तर फ्रेम एक-दोन मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवून फरक पडतो, पण ते मुलीच्या सरांसमोर करा, एकट्याने पाना घेऊन बसू नका. आणि साधं चालतानाही दुखत असेल किंवा सूज असेल तर स्केट्स कपाटात ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरी तपासणी मुलीला करू द्या, तिला मजा येईल. टेपने १०० मीटर मोजून दोन खडूच्या रेघा मारा. नेहमीच्या वेगात तेवढं अंतर तुम्हाला साधारण १९ सेकंद लागतात. तेवढ्यात दोन्ही पायांचे मिळून किती पुश होतात ते तिने मोजायचं. मोठेपणी सुरू केलेल्यांचा आकडा मी बहुतेक वेळा ३५ ते ४० पाहिलाय. नीट शिकलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी त्याच वेगाने २२-२४ पुशमध्ये जाते. तुमचे पाय तिच्यापेक्षा मजबूत असूनही तुम्ही जास्त दमता ते यामुळे.

आता कंबर. तुम्ही वाकताय कमरेतून आणि गुडघे जवळजवळ सरळ. वाकायचं ते खुब्यातून आणि गुडघ्यातून, खुर्चीवर बसायला निघालात आणि मध्येच थांबलात असं. सोपी खूण सांगते: मान खाली घालून बघितलं तर गुडघ्याआड बुटाचं टोक दिसता कामा नये.

दिसायला ही बैठक सोपी, पण स्केटिंगचा सगळा दम हिच्यात जातो. धावताना मांडीचा स्नायू आखडतो आणि सैल होतो, त्यामुळे रक्त खेळतं राहतं. खाली बसून ग्लाइड करताना मांडी बराच वेळ आखडलेलीच असते आणि तिच्यातला रक्तप्रवाह दबतो. म्हणून स्केटरचा श्वास पुरतो पण पाय आधी भरून येतात. पाय भरले की माणूस नकळत उभा होतो. उभा झाला की पुश आखूड होतो आणि छातीवर वारा जास्त येतो. मग तोच वेग राखायला पावलं वाढतात. तुमच्या १० किलोमीटरमध्ये पहिला दीड किलोमीटर स्केटिंग होत असेल. पुढचे साडेआठ तुम्ही वाईट सवयीचा रियाज करताय, तोही पूर्ण जोर लावून.

माझे वडील यंत्रमागावर होते. साधा माग ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला म्हणून थांबत नाही. आडवा बाणा जात राहतो, माग खटखटत राहतो, आणि कापडात एक उभी रेघ उतरत जाते. नवा कामगार मीटर भरायच्या नादात बघत नाही. वडील माग थांबवायचे, गाठ मारायचे, मग पुढे. त्यांची शिफ्ट कधी मीटरमध्ये पहिली आली नाही, पण माल परतही आला नाही. मी शिकवायला लागले तेव्हा मात्र नवा कामगारच होते. हातात स्टॉपवॉच, रोज शर्यत, रोज वेळ लिहायची. मुलं पहिले तीन महिने सुधारली आणि मग सगळीच्या सगळी एकाच जागी अडकली, तुमच्यासारखी. एका मुलीचा गुडघाही त्यात दुखावला. तो दोष माझाच होता. घरी हे बोलले तेव्हा वडील एवढंच म्हणाले, ‘माग थांबवत जा.’ तेव्हापासून माझा नियम आहे: बैठक मोडली की तो फेरा संपला, मग अंतर कितीही उरलेलं असो.

तर ‘हळू’ या एका शब्दात दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकत्र केली की दोन्ही वाया जातात. एक, तंत्रासाठी हळू. ते थोडा वेळ, ताज्या पायांनी, भरपूर विश्रांती घेत, पण बैठक पूर्ण खाली ठेवून करायचं. दुसरं, दमासाठी हळू. ते लांब, सलग, बोलत बोलत, आणि तिथं बैठक थोडी वर असली तरी चालते. बहुतेक लोक ‘हळू’ ऐकलं की सरळ उभे राहून रमतगमत अर्धा तास फिरतात. त्यात तंत्र सुधारत नाही आणि दमही फारसा वाढत नाही.

तंत्राच्या दिवशी करायचं मुख्य काम एकच, एका पायावर सरकणं. खडूची सरळ रेघ मारा, २० मीटरची. दोन-तीन पुश घेऊन चालायच्या वेगापेक्षा थोडे जोरात या, खाली बसा, आणि डाव्या पायावर रेघेवर राहा. नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एकाखाली एक. उजवा पाय मागे, गुडघे जवळ. पहिल्या दिवशी दोन सेकंदांत स्केट उजवीकडे वळेल. याचा अर्थ वजन आतल्या कडेवर आहे. घोट्याने ओढून तो सरळ करायला जाऊ नका. खुबा किंचित बाहेर, म्हणजे त्या पायाच्या बरोबर वर न्या, स्केट आपोआप सरळ होतो. रेघेवर टिकायला लागलात की मुद्दाम बाहेरच्या कडेवर जा, स्केट डावीकडे वळू द्या. भीती वाटेल. ही भीती हाच तुमचा ३२ मिनिटांचा अडसर आहे, कारण पाय टेकताना बाहेरच्या कडेवर विश्वास नसल्यामुळेच तुम्ही तो पसरून, आतल्या कडेवर टेकता. एका पायाचे आठ फेरे, दुसऱ्याचे आठ. प्रत्येक फेऱ्यानंतर उभं राहून अर्धा-एक मिनिट श्वास. कमजोर पायाचे दोन जास्त.

हे जमू लागलं की पुढचं: एक पुश, मग पाय परत आणायला मनात पूर्ण तीन आकडे. पाय बाजूला गेला, मागून अर्धवर्तुळ काढत गुडघ्यामागे आला, आणि मग शरीराखाली अलगद टेकला. घाईत हा पाय थेट बाजूने परत येतो आणि रुंद टेकतो. तीन आकडे मोजताना तसं करताच येत नाही, तोल जातो. हळू सरावाचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. चुकीची हालचाल हळू केली तर ती टिकतच नाही, माणूस पडतो.

पुश मागे न देता बाजूला द्यायचा, जोर टाचेच्या बाजूने. शेवटी सगळी चाकं एकदम सुटली पाहिजेत. टाच आधी उचलली गेली तर पुढचं चाक सिमेंटवर ‘खर्र’ करतं. वेगात, वाऱ्यात हा आवाज ऐकू येत नाही. हळू जाताना प्रत्येक वेळी येतो. कानात गाणी लावून येणाऱ्यांना मी म्हणूनच परत पाठवते.

पहिल्यांदा हे सगळं घ्यायला लागले तेव्हा बॅचमधली मुलं आपापसांत कुजबुजायची, ‘मॅडम आज चालायला शिकवलालेत बे!’ तुम्हालाही कॉलनीत कुणीतरी विचारेल, काय हो, आज बरं नाही का? विचारू द्या.

एक प्रामाणिक अडचण इथंच सांगते: सगळंच हळू करता येत नाही. वळणावरचा क्रॉसओव्हर, म्हणजे एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणं, हा आत झुकण्यावर उभा आहे, आणि झुकायला वेग लागतो. मोठ्या वळणावर हळू क्रॉसओव्हर करणं म्हणजे नुसती पायात पाय घालून चालण्याची नक्कल. यावर उपाय म्हणजे वर्तुळ लहान करा. तेवढंच झुकायचं असेल तर वेग निम्मा केल्यावर वर्तुळाची त्रिज्या एक चतुर्थांश करावी लागते. दोरी आणि खडू घेऊन तीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ताशी १०-११ किलोमीटरलाही तिथं व्यवस्थित झुकता येतं. दोन्ही दिशांनी करा. ट्रॅकवरची शर्यत घड्याळाच्या उलट्या दिशेने असते म्हणून मुलं एकाच बाजूचं शिकतात, पण तुम्हाला रस्त्यावर दोन्हीकडे वळायचंय.

आता दमाचं हळू. याची कसोटी सोपी: सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘नाही’, ‘थांबा’ एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. ५० मिनिटं ते तासभर, आठवड्यातून दोनदा. इतका वेळ स्केट्सवर बैठक टिकत नसेल तर यातला एक दिवस सायकलवर काढा, काही बिघडत नाही. स्वीडनच्या निल्स व्हॅन डर पोलने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या स्पीड स्केटिंगची ५००० आणि १०,००० मीटरची दोन्ही सुवर्णपदकं जिंकली, आणि त्याच्या तयारीचा मोठा भाग सायकलवर तासन्‌तास कमी जोराने काढलेला होता. पण त्याचं उदाहरण मी पूर्ण माझ्या बाजूने वापरू शकत नाही. बर्फावर उतरला की तो शर्यतीच्याच वेगाचा सराव करायचा, रमतगमत नाही. त्याची ही पद्धत मला पटते, कारण लहानपणापासून बर्फावर वाढलेल्या माणसाचं तंत्र आधीच पक्कं होतं. त्याला फक्त इंजिन बांधायचं होतं. तुम्हाला आणि मला दोन्ही बांधायचंय.

त्याच कारणाने वेगही पूर्ण सोडू नका. नुसतं हळू करणारा माणूस हळू करण्यातच तरबेज होतो. वेगात पाय टेकण्याची वेळ, वाऱ्याचा रेटा, रस्त्याची कंपनं, सगळं वेगळं असतं. आठवड्यातून एक दिवस १०० मीटरचे सहा फेरे जोरात मारा. मध्ये दोन-तीन मिनिटं, श्वास पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. अट एकच, मुलगी पुश मोजेल. आकडा फुगला की वेग कितीही आलेला असो, तो फेरा धरायचा नाही. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर हवेशी झुंजायलाच एक तृतीयांश जास्त ताकद. ४१ व्या वर्षी ती पायातून काढण्यापेक्षा पाठ खाली घेऊन वारा चुकवणं स्वस्त पडतं.

म्हणजे आठवडा साधारण असा: दोन दिवस तंत्र, २५-३० मिनिटांत आटपायचं. दोन दिवस बोलत बोलत लांब. एक दिवस ते सहा फेरे, आधी दहा मिनिटं एका पायाचं काम करून. दोन दिवस स्केट्सना हात नाही. पावसाने तंत्राचा दिवस बुडाला तर घरात बैठक धरा: ३० सेकंद खाली, ३० सेकंद उभं, असं दहा वेळा. ओल्या सिमेंटवर जाऊ नका, चाकं घसरतात आणि बेअरिंग गंजतात ते वेगळंच.

एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीपार जातो, हे तुम्हाला सांगायला नको. साडेपाचला चाकं फिरायला हवीत. उकाड्यात त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात, म्हणून त्या दिवसांत वेळेवर नजर न ठेवता बोलण्याच्या कसोटीवर चाला. तापल्या सिमेंटवर चाकं मऊ पडून भराभर झिजतात, हेही आहेच. आणि एक झाडू बरोबर ठेवा. एका पायावर असताना बारीक खडा चाकाखाली आला तर वेगात तो उडून जातो, हळू असताना चाक अडवतो. हळू सरावात पडणं जास्त होतं आणि बहुतेकदा हातावर होतं. ‘आज काय, हळूच करायचंय’ म्हणून हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घरी ठेवणारेच माझ्याकडे प्लास्टर घालून आलेत.

१२५ च्या चाकांबद्दल: ती एकदा फिरली की वेग छान धरून ठेवतात, पण तुम्हाला जमिनीपासून आणखी वर नेतात. घोटा आधीच आत पडतोय, त्याला आणखी उंच टेकूवर उभं करून काय मिळणार? आत्ता असलेली १०० ची चाकंच चालू द्या, आणि दीड महिन्यानंतरची तपासणी झाली की ती आतबाहेर उलटवून, पुढची मागे करून बसवा. त्याला खर्च नाही.

कामगिरी बघून हुरूप हवा असेल तर आनंदकुमार वेलकुमारच्या शर्यती बघा, ज्याने २०२५ मध्ये चीनमधल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १००० मीटर स्प्रिंटचं सुवर्ण मिळवलं. व्हिडिओचा वेग निम्मा करा. चेहरा आणि हात सोडून द्या, फक्त पाय कुठे टेकतो ते बघा.

पहिले तीन आठवडे तुमची १० किलोमीटरची वेळ वाढेल. ३४ होईल, ३५ सुद्धा. नवी हालचाल डोक्याने करावी लागते तोपर्यंत ती जुन्यापेक्षा संथच असते. म्हणून दीड महिना १० किलोमीटर मोजूच नका. त्याऐवजी एक वही करा आणि तीन आकडे लिहा: १०० मीटरला किती पुश, डाव्या पायावर रेघेवर किती सेकंद, उजव्यावर किती. डावा-उजवा वेगवेगळे लिहा, सरासरी काढू नका. दीड महिन्याने चाकं पुन्हा उलटी धरून डाव्या स्केटची बाहेरची कड बघा, आणि ती झिजायला लागली असेल तरच घड्याळ काढा.